भाता आणि भाता चालवणारा

मराठी भाषेने जीव आणि श्वास यांची फारकत कधी फारशी होऊ दिलेली नाही. माणूस मरतो तेव्हा त्याचा प्राण जातो, संकट टळते तेव्हा जिवात जीव येतो, यातना असह्य होतात तेव्हा प्राण कंठाशी येतात, आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला मातीच्या मूर्तीची पूजा मांडायची असते तेव्हा आधी तिची प्राणप्रतिष्ठा करावी लागते. 'प्र' हा उपसर्ग आणि श्वास घेणे या अर्थाचा 'अन्' हा धातू यांपासून 'प्राण' हा शब्द सिद्ध झाला असल्यामुळे श्वास आणि चैतन्य यांचे हे ऐक्य शब्दाच्या घडणीतच मुरलेले आहे. शस्त्रक्रियागृहात मात्र हे ऐक्य दररोज, जाणूनबुजून आणि रुग्णाच्या संमतीने मोडले जाते. भूलतज्ज्ञ औषध देऊन रुग्णाचा श्वास थांबवतो, काही तास तो आपल्या हाताने किंवा यंत्राने चालवतो, आणि काम संपले की ज्याचा त्याला परत करतो. नाकातोंडापासून फुप्फुसांपर्यंतची हवेची वाट मोकळी ठेवण्याच्या, राखण्याच्या आणि गरज पडल्यास नवी वाट काढण्याच्या या विद्येला वैद्यकात श्वासमार्ग-व्यवस्थापन असे म्हणतात. ही विद्या हातांची आणि उपकरणांची आहे, तरी तिच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे: ज्याचा श्वास दुसराच कोणी चालवीत आहे त्याच्या असण्याची खूण कोणती, आणि ज्याने तो श्वास हाती घेतला त्याच्यावर कोणते ऋण चढते?

या प्रश्नाला सर्वांत नेमके रूप वैशेषिक दर्शनाने दिले आहे. आत्मा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो अनुमानाने सिद्ध करावा लागतो, असे मानणाऱ्या कणादांनी वैशेषिकसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्म्याची लिंगे, म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, सांगितल्या आहेत आणि त्यांत प्राण व अपान यांना पहिले स्थान दिले आहे. प्रशस्तपादांनी आपल्या भाष्यग्रंथात ही खूण एका दृष्टान्ताने स्पष्ट केली. वायूचा स्वभाव आडवे वाहण्याचा. शरीरातला वायू मात्र आत येतो, बाहेर जातो, पुन्हा आत येतो. वायूच्या ठायी हे स्वभावाबाहेरचे कर्म दिसत असेल, तर ते घडवणारा कोणीतरी असलाच पाहिजे, जसा फुगणारा आणि मिटणारा भाता पाहिला की तो चालवणारा लोहार असणार असे आपण ओळखतो. प्रशस्तपाद आणखी एक पाऊल पुढे गेले आणि प्रयत्नाचे दोन प्रकार मानले. इच्छा आणि द्वेष यांतून होणारा प्रयत्न हा एक, आणि जीवनपूर्वक प्रयत्न, म्हणजे केवळ जिवंत असण्यातून निघणारा, गाढ झोपेतही श्वास चालू ठेवणारा प्रयत्न, हा दुसरा. मस्तिष्कस्तंभातील श्वसनकेंद्राचे ज्ञान नसलेल्या काळात ऐच्छिक आणि अनैच्छिक श्वासांमधला हा भेद इतक्या स्वच्छपणे मांडला गेला, ही भारतीय विचाराची मोठी कमाई मानली पाहिजे.

मात्र भात्याच्या दृष्टान्तातच त्याची मर्यादाही आहे, आणि परंपरेला ती जाणवली होती. भागवतपुराणाच्या दुसऱ्या स्कंधात, भाते श्वास घेत नाहीत काय, असा बोचरा प्रश्न येतो. नुसते श्वासोच्छ्वास करणे म्हणजे जगणे नव्हे, हा त्याचा रोख आहे. छांदोग्य आणि बृहदारण्यक या उपनिषदांत इंद्रियांचा कलह सांगितला आहे, ज्यात वाणी, डोळे, कान आणि मन एकामागून एक शरीर सोडून जातात तरी शरीर तग धरते, पण प्राण निघू लागताच बाकी सगळी मुळासकट उपटली जातात आणि त्याचे श्रेष्ठत्व मान्य करतात. या कथेवरून प्राण हाच आत्मा असे वाटू शकते. परंतु कठोपनिषद सांगते की कोणीही मर्त्य प्राणाने किंवा अपानाने जगत नाही, तर हे दोन्ही ज्याच्या आश्रयाने राहतात त्या तिसऱ्याच कशाने तरी जगतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तर मुख्य प्राण हा वायूही नव्हे आणि इंद्रियांची क्रियाही नव्हे, असा स्पष्ट निर्वाळा आहे. म्हणजे एका बाजूला श्वास ही आत्म्याची खूण आणि दुसऱ्या बाजूला श्वास म्हणजे आत्मा नव्हे, अशा दोन विधानांच्या मध्ये भारतीय विचार उभा राहिला. श्वास दुसऱ्याच्या हाती देता येत नव्हता तोवर या दोन विधानांमधला ताण ग्रंथांपुरता होता. त्याची कसोटी माणसाच्या गळ्यात लागली.

प्राण कंठाशी येतात हा वाक्प्रचार शरीररचनेच्या दृष्टीनेही खरा आहे, कारण माणसाच्या शरीरातली सर्वांत धोक्याची चौकी कंठातच आहे. तिथे हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे असते, आणि घास गिळताना झाकणासारखा एक लवचीक पडदा श्वासनलिकेच्या तोंडावर येतो. जागेपणी ही चौकी स्नायू आणि खोकला मिळून सांभाळतात. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे घसरतो, आणि निरोगी माणसाचीही हवेची वाट त्याच्या स्वतःच्या जिभेनेच बंद होऊ शकते. म्हणून या विद्येतले पहिले उपकरण वैद्याचा हात हेच आहे: कपाळ मागे झुकवून हनुवटी वर उचलणे, किंवा मानेला इजा असल्याची शंका असेल तर मान न हलवता जबड्याचे कोपरे पुढे ढकलणे, एवढ्यानेच पुष्कळदा बंद वाट उघडते. त्यानंतर जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी, नाकातोंडावर घट्ट बसवायचा मास्क, दाबली की हवा आत ढकलणारी अँबू बॅग, आणि ब्रिटिश भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये घडवलेला, घशात स्वरयंत्राच्या तोंडावर टोपीसारखा बसणारा लॅरिंजियल मास्क, अशी ही साधने क्रमाने अधिक खोल जातात.

सर्वांत खोल जाते ती श्वासनलिकेत घालायची नळी. ती घालताना वैद्य रुग्णाच्या डोक्यामागे उभा राहतो, डाव्या हातात लॅरिंगोस्कोप नावाचे दिवा बसवलेले पाते धरतो, ते तोंडाच्या उजव्या बाजूने आत नेऊन जीभ डावीकडे सारतो, आणि दातांवर भार न देता सबंध हत्यार वर व पुढे उचलतो. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेले वक्र पाते आजही बहुतेक ठिकाणी वापरात आहे; त्याचे टोक त्या झाकणाच्या मुळाशी टेकले की झाकण आपोआप वर येते आणि त्याखाली, गुलाबी ओलसर पोकळीत, मोत्यासारख्या पांढऱ्या दोन कडा उलट्या व्हीच्या आकारात दिसतात. हे स्वरतंतू होत. माणसाचा प्रत्येक शब्द, प्रत्येक हाक आणि प्रत्येक हुंदका इथूनच निघतो. प्रौढ माणसात साधारण ७ ते ८ मिलिमीटर आतील व्यासाची नळी या कडांमधून पुढे सरकवतात, तिच्या टोकाजवळचा फुगा हवेने फुगवून बाजूची फट बंद करतात, आणि त्या क्षणापासून रुग्णाचा श्वास रुग्णाचा राहत नाही. वाणी आणि प्राण यांचे उपनिषदांतले जुने भांडण इथे अक्षरशः मिटते, कारण ज्या नळीमुळे प्राण राहतो तीच वाणी बंद करते. नळी घातलेला माणूस शुद्धीवर आला तरी बोलू शकत नाही.

नळी योग्य जागी गेली की नाही, हे ठरवताना न्यायशास्त्रातला व्याप्तीचा विचार जसाच्या तसा कामी येतो. धूर असेल तिथे अग्नी असतोच, असा अव्यभिचारी संबंध जिथे नाही तिथे खूण फसवी ठरते. छाती हलताना दिसणे, नळीच्या आतल्या बाजूला वाफ धरणे, कानाला श्वासाचा आवाज येणे या सगळ्या खुणा नळी चुकून अन्ननलिकेत गेलेली असतानाही आढळू शकतात, आणि त्यांच्यावर भिस्त ठेवल्यामुळे जीव गेलेले आहेत. म्हणून आज बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड प्रत्येक श्वासागणिक मोजणाऱ्या कॅप्नोग्राफला निर्णायक मानले जाते. पेशींनी तयार केलेला हा वायू रक्तातून फुप्फुसात आणि तिथून नळीत आल्याखेरीज पडद्यावर ती सलग, सपाट माथ्याची लाट उमटत राहत नाही. लाट नाही तर नळी जागेवर नाही असेच धरून चालायचे, असा दंडक आहे. डोळ्यांना आणि कानांना जे पटते त्यापेक्षा ज्याची व्याप्ती पक्की आहे त्यावर विश्वास ठेवणे ही इथे विनयाची आणि प्रामाणिकपणाचीही कसोटी ठरते.

बाहेरचा भाता माणसाच्या छातीला जोडण्याची कल्पना युरोपात प्रबोधनकाळापासून आकार घेत गेली. आंद्रेआस व्हेसेलियस यांनी १५४३ च्या आपल्या शरीररचनेवरील महाग्रंथात, प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकल्यास पडलेली फुप्फुसे पुन्हा फुगतात आणि हृदयाला बळ येते, असे नोंदवले. पुढे १६६७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक कठोर प्रयोग केला, जो आजच्या संवेदनेला क्रूर वाटेल, पण ज्याचा निष्कर्ष दूरगामी होता. छाती उघडलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसांना त्यांनी बारीक छिद्रे पाडली आणि भात्यांनी हवेचा अखंड झोत सोडला. फुप्फुसे जराही हलली नाहीत, तरी ताजी हवा मिळत राहिली तोवर प्राणी जिवंत राहिला. जीव टिकवते ते छातीचे हलणे नव्हे, तर हवेतले काहीतरी, असे यातून सिद्ध झाले. प्रशस्तपादांनी ज्या मागेपुढे होणाऱ्या गतीला आत्म्याची खूण मानले होते ती गती जगण्यासाठी अपरिहार्यही नाही, हे प्रथमच प्रत्यक्ष दिसले.

माणसाच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्या गांभीर्याने उभा राहिला तो १९५२ च्या उन्हाळ्यात, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे. पोलिओच्या साथीत ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येऊ लागले, आणि सुरुवातीच्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्ट रोजी एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात छेद देववून श्वासनलिकेत नळी बसवली आणि शस्त्रक्रियागृहातल्या पद्धतीने रबरी पिशवी दाबून हवा आत सोडली; मुलगी वाचली. एवढ्या सगळ्यांना पुरतील अशी यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि आठवड्यामागून आठवडे, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि अतिदक्षता विभाग या संकल्पनेचा पाया घातला गेला. भाता चालवणारा आता शरीराच्या आत नव्हता. तो उशाशी बसलेला, डोळ्यांवर झोप आलेला, वीस-बावीस वर्षांचा एक परका विद्यार्थी होता, आणि तरीही बिछान्यातली मुलगी ती मुलगीच होती, डोळे उघडून त्याच्याकडे पाहत होती.

यातून वैशेषिकांचे अनुमान दोन्ही अंगांनी सैल होते. श्वासाचा प्रयत्न नसला तरी आत्मा असू शकतो, याचा सर्वांत थेट पुरावा १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून मिळाला. अमेरिकेतील डॉ. स्कॉट स्मिथ यांनी क्युरारे या स्नायू लुळे करणाऱ्या विषापासून मिळवलेले औषध भूल न घेता स्वतःला टोचून घेतले. शरीराचा एकही स्नायू हलेनासा झाला, श्वास सहकाऱ्यांनी चालवला, आणि नंतर त्यांनी सांगितले की त्या सगळ्या वेळात शुद्ध, विचार आणि वेदना पूर्णपणे जागी होती. उलट दिशेने पाहिल्यास, ज्याचा मेंदू कायमचा नष्ट झाला आहे अशा शरीराची छातीही व्हेंटिलेटरच्या दाबाने तितक्याच नियमितपणे वरखाली होते, हृदय धडधडते आणि त्वचा उबदार राहते. खूण नसताना वस्तू आहे, आणि खूण असताना वस्तू नाही. न्यायाच्या परिभाषेत हा हेतू सव्यभिचार, म्हणजे व्याप्ती सुटलेला, ठरतो. श्वासावरून चैतन्याचा निर्णय करण्याची माणसाची हजारो वर्षांची सवय एका रबरी पिशवीने निरुपयोगी केली.

हा पेच प्रथम भूलतज्ज्ञांनाच जाणवला, आणि त्यांतल्या एकाने तो धर्मपीठापुढे नेला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रूकचे डॉ. ब्रूनो हाइड यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे भाषण केले. आयुष्य राखण्यासाठी सामान्य उपाय योजणे हे कर्तव्य आहे, पण रुग्णावर किंवा कुटुंबावर असह्य भार टाकणारे असामान्य उपाय योजण्याची सक्ती नाही, आणि म्हणून पूर्णपणे बेशुद्ध, आशा संपलेल्या रुग्णाचे श्वसनयंत्र थांबवणे निषिद्ध नाही, असा त्यांचा निर्णय होता. मृत्यूचा नेमका क्षण ठरवणे हे मात्र धर्माचे नव्हे तर वैद्यकाचे काम आहे, असेही त्यांनी म्हटले. पुढे १९५९ मध्ये फ्रान्समधील मोलारे आणि गुलों यांनी बेशुद्धीच्याही पलीकडच्या या अवस्थेचे वर्णन केले आणि १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने तिचे निकष मांडले. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य केला. चार वैद्यांच्या मंडळाने किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो प्रमाणित करावा लागतो.

त्या तपासणीचा गाभा असलेली श्वासरोध चाचणी बारकाईने पाहिली, तर तिच्यात प्रशस्तपादांचाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा असलेला दिसतो. रुग्णाला आधी शुद्ध प्राणवायू भरपूर देतात, मग व्हेंटिलेटर तोडतात, एका बारीक नळीने प्राणवायू श्वासनलिकेत सोडत राहतात, आणि छाती व पोट उघडे ठेवून पाहत बसतात. हूक यांच्या प्रयोगाप्रमाणे हालचालीवाचूनही रक्ताला प्राणवायू काही काळ मिळत राहतो, पण कार्बन डायऑक्साइड साचत जातो; रक्तातला त्याचा दाब ६० मिलिमीटरपर्यंत चढला, म्हणजे श्वसनकेंद्राला मिळू शकणारी सर्वांत तीव्र हाक देऊन झाली, तरी छातीत एक साधी लहरही उठली नाही, तर आत कोणी उरलेले नाही असा निष्कर्ष काढतात. बाहेरचा लोहार बाजूला सारायचा आणि आतला लोहार भात्याला हात घालतो का ते पाहायचे. यात शोधला जातो तो श्वास नव्हे, जीवनपूर्वक प्रयत्न. श्वास ही खूण फसवी ठरली, तरी श्वासासाठी होणारा प्रयत्न ही खूण अजून पुष्कळ अंशी टिकून आहे, आणि या अर्थाने वैशेषिकांचा भेद आजच्या अतिदक्षता विभागातही उपयोगी पडतो. तरीही तो आत्म्याविषयी अंतिम काही सांगत नाही. मानेच्या वरच्या भागात मणका मोडलेला, पूर्ण शुद्धीत असलेला माणूस या एका चाचणीत अनुत्तीर्णच होईल, म्हणून ही चाचणी इतर सर्व तपासण्यांनंतरच घेतली जाते.

मग कर्तव्याचा पाया कशावर उभारावा? आत्मा काय आहे हे ठरल्याशिवाय श्वास हाती घ्यायचा नाही असे म्हटले, तर वैद्याला हात बांधून बसावे लागेल, कारण दर्शनांचे भांडण मिटण्याची वाट बुडालेला किंवा भाजलेला माणूस पाहू शकत नाही. त्याच्या मेंदूजवळ चार-पाच मिनिटे असतात. उत्तर मोक्षशास्त्रापेक्षा व्यवहारशास्त्रात, ठेवीच्या कायद्यात, अधिक स्पष्ट सापडते. मनूने सांगितलेल्या व्यवहाराच्या अठरा पदांमध्ये निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू, हे एक पद आहे. याज्ञवल्क्यस्मृती त्यातल्या एका खास प्रकाराला औपनिधिक म्हणते: पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता, दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू. ठेव घेणाऱ्याला पेटीत सोने आहे की माती, हे माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. त्याने ती जशी मिळाली तशीच परत करायची असते. रुग्ण भूलतज्ज्ञाच्या हाती जे सोपवतो ते याच प्रकारचे आहे. आत ब्रह्म आहे की केवळ मज्जापेशींचा व्यापार आहे, यावर आस्तिक आणि नास्तिक वैद्यांचे एकमत होणार नाही, पण पेटी न फोडता, न हरवता, जशीच्या तशी परत करण्याचे कर्तव्य दोघांवर सारखेच येते.

या कायद्याची कलमे श्वासमार्गाला एकेक करून लावता येतात. ठेव राजाने, दैवाने किंवा चोराने नेली तर राखणदार दोषी नाही, असे स्मृती म्हणते. पण दैवाचे नाव घेण्याआधी राखण नीट केलेली असली पाहिजे. श्वास थांबवण्यापूर्वी तीन मिनिटे शुद्ध प्राणवायू देणे ही अशी राखण आहे. साधी हवा घेणाऱ्या निरोगी प्रौढाचा श्वास थांबला तर सुमारे मिनिटभरात रक्तातला प्राणवायू घसरू लागतो. फुप्फुसे आधी प्राणवायूने भरलेली असतील तर हीच मुदत सुमारे आठ मिनिटांपर्यंत लांबते, आणि स्थूल माणसात किंवा गरोदर स्त्रीत ती बरीच कमी राहते. तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावणे आणि घशाचा किती भाग दिसतो ते पाहणे ही १९८५ मध्ये मूळ भारतीय असलेल्या डॉ. मल्लंपाटी यांनी मांडलेली साधी पाहणी, मानेची आणि जबड्याची हालचाल तपासणे, आणि नळी गेली नाही तर पुढे काय करायचे हे आधीच ठरवून सर्वांना मोठ्याने सांगणे, हेही त्याच राखणीत येते. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना नळी घालण्याचे प्रयत्न तीनवर थांबवायला सांगतात आणि वेळ आलीच तर गळ्याच्या पुढच्या भागातून, स्वरतंतूंच्या खालच्या पातळ पडद्याला छेद देऊन, वाट उघडायला सांगतात. यातली सर्वांत अवघड गोष्ट छेद देणे नसून आपला हात अपयशी ठरला हे वेळेवर कबूल करणे ही आहे. नळी जाणे महत्त्वाचे नाही, प्राणवायू पोहोचणे महत्त्वाचे आहे, हे अहंकार बाजूला ठेवल्याशिवाय सुचत नाही. ठेव आपली नव्हे, याची आठवण इथे खरोखर जीव वाचवते.

स्मृतीचे दुसरे कलम आणखी कठोर आहे: परवानगीवाचून ठेवीवर स्वतःची उपजीविका करणारा दंडास पात्र आहे, आणि त्याने नफ्यासह ती परत केली पाहिजे. आशा संपल्यानंतरही नातेवाइकांना खरे न सांगता केवळ बिलासाठी किंवा आकडेवारीसाठी यंत्र चालू ठेवणे हे नेमके याच कलमात बसते. ज्याच्याजवळ ठेव होती त्याने ती मालकाला देण्यासाठी पुढच्याच्या हाती सोपवली तर तिला अन्वाहित म्हणतात आणि तिलाही हेच नियम लागू होतात. अतिदक्षता विभागात पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला नळी ओठांपाशी किती सेंटिमीटरवर बांधली आहे, फुग्यातला दाब किती आहे आणि रात्री रुग्ण कसा होता हे जेव्हा सांगते, तेव्हा ती अन्वाहिताचाच धर्म पाळत असते.

तिसरे कलम परत मागण्याचे आहे. मागूनही न दिलेली ठेव नंतर नष्ट झाली, तर राखणदाराला भरपाई आणि तेवढाच दंड असे दोन्ही द्यावे लागते. आपला श्वास यंत्राच्या हाती राहू नये असे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवले असेल, तर ती मागणी मानावी लागेल, या दिशेने भारतीय कायदाही गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात मानला आणि अशा पूर्वलेखी इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची अवघड प्रक्रिया सोपी करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेले इच्छापत्रही चालेल असे ठरवले आणि निर्णय वैद्यांच्या दोन मंडळांकडे सोपवला. ज्यांच्या मते ठेवीचा खरा मालक माणूस नसून ईश्वर आहे, त्यांना हा युक्तिवाद अपुरा वाटेल, आणि त्यांची हरकत गंभीर आहे. इस्लाममध्ये आयुष्य ही अमानत मानली जाते. ज्यू धर्मशास्त्रात चालू उपचार तोडण्याची मनाई इतकी कडक आहे की इस्रायलच्या २००५ च्या कायद्याने व्हेंटिलेटरला ठरावीक मुदतीचा टायमर लावण्याची तरतूद केली, म्हणजे यंत्र कोणी बंद करत नाही, फक्त मुदत संपल्यावर ते पुन्हा सुरू करायचे की नाही ते ठरवले जाते. परंतु मालक ईश्वर मानला तरी राखणदाराचा धर्म बदलत नाही. उलट त्याने वस्तू मालकाने बोलावल्यावर रोखून धरू नये, हे अधिकच ठळक होते.

राखण म्हणजे काय, याचे एक उदाहरण मुंबईने पाहिले आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात पडून होत्या; त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता आणि मेंदू मृत नव्हता, हे ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा मानला. पिढ्या बदलल्या तरी परिचारिकांनी त्यांना भरवले, कूस बदलून दिली, त्वचेवर जखमा होऊ दिल्या नाहीत. पेटीत काय उरले होते हे कोणालाच ठामपणे सांगता आले नसते, आणि ते सांगता येत नाही म्हणून कोणी राखण सोडली नाही. तत्त्वज्ञानाला न सुटलेल्या प्रश्नासमोर आचरणाने दिलेले हे उत्तर होते.

हठयोगाची परंपरा अहोरात्रातले श्वास २१,६०० मोजते, म्हणजे मिनिटाला १५, आणि प्रत्येक श्वासाबरोबर जीव नकळत 'सोऽहं' असा अजपाजप करतो असे मानते. भुलेखालचा माणूस जप करीत नसतो. आकडा यंत्राने धरलेला असतो. शस्त्रक्रिया संपते, औषधांचा अंमल उतरतो, आणि कॅप्नोग्राफच्या सपाट लाटांमध्ये एखादी लहानशी खाच दिसते, कारण छातीच्या पडद्याने यंत्राला न विचारता एक ओढ दिलेली असते. भूलतज्ज्ञ त्या खाचेची वाट पाहत असतो. तो रुग्णाचा घसा साफ करतो, नाव घेऊन हाक मारतो, डोळे उघडायला आणि हात दाबायला सांगतो, आणि रुग्णाने हात दाबला की फुग्यातली हवा काढून नळी ओढून घेतो. खोकल्याची एक उबळ येते, आणि मग श्वास, आधी उथळ, मग खोल, आपला आपण चालू लागतो. आत कोण जागे झाले याचे दर्शनांनी दिलेले उत्तर काहीही असो, त्या खोलीतले कर्तव्य तेवढ्याने पुरे होत नाही. वैद्य मास्क धरून आणखी काही मिनिटे उशाशी थांबतो, कारण परत केलेली ठेव मालकाच्या हातात नीट बसली की नाही, हे पाहिल्याशिवाय राखणदाराने पाठ फिरवायची नसते.